बाराव्या ओळीची जागा

माझ्या डाव्या कडेपासून चार बोटे आत आणि वरून मोजत आलात तर बाराव्या ओळीच्या उंचीवर एक डाग आहे. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. बाकीचा मी काळा पण निस्तेज आहे. सकाळचे ऊन तिरके पडले की हा डाग मात्र तेलकट चमकतो. तिथे खडू नीट धरत नाही. अक्षर मध्येच तुटते आणि लिहिणाऱ्याला ते दोनदा गिरवावे लागते. हा डाग रंग खराब होता म्हणून पडलेला नाही, ओल आली म्हणूनही नाही. तो एका बाईच्या बोटाने पडला आहे. त्याला बारा वर्षे लागली.

मित्रांनो, लासूर स्टेशनला गाडीतून उतरून बाजाराकडे चालू लागलात की एका वाचनालयाचा दगडी ओटा लागतो. त्या ओट्यावरच्या भिंतीला टांगलेला जुना फळा म्हणजे मी. शाळेतला नव्हे, बातम्यांचा. माझ्यावर कधी कोणी पाढे लिहिले नाहीत. लिहिले ते जगात काय चालले आहे, आणि गावात कोण गेले.

माझा जन्म औरंगाबादचा. त्या शहराला तुम्ही आता छत्रपती संभाजीनगर म्हणता. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटले होते. निजामाच्या अमलात चार माणसांनी एकत्र बसून मराठी वर्तमानपत्र वाचायचे तर आधी इकडेतिकडे पाहावे लागे. तो अंमल गेल्यावर गावोगावी वाचनालये निघाली. लासूरच्या पाच-सहा तरुणांनी एक खोली घेतली आणि शहागंजातल्या हबीब मिस्त्रींकडे फळा करायला टाकला.

मिस्त्रींनी सागाच्या चार फळ्या खाचेत खाच बसवून जोडल्या. दिव्याची काजळी, उकळलेले जवसाचे तेल आणि वस्त्रगाळ केलेली विटेची पूड यांचा रंग कालवला आणि त्याचे तीन हात दिले. न्यायला आलेल्या तरुणांनी माझ्यावरून हात फिरवला. त्यांना मी खडबडीत वाटलो.

"इसपे पालिश नक्को मारो मियाँ," मिस्त्री म्हणाले. "चिकना करे तो खडू फिसलता. ये खडबडीत है ना, इसीच वास्ते अक्षर पकडता."

ते खरे होते. माझ्या अंगावर विटेचे बारीक कण वर आलेले आहेत. खडू त्यांच्यावर घासला की त्याची पूड निघते आणि कणांमधल्या खाचांत अडकून राहते. आपण तिला अक्षर म्हणतो. माझे शास्त्र एवढेच आहे.

त्या तरुणांत एक तात्यासाहेब होते. घरची मोठी शेती, शिक्षण औरंगाबादला उर्दूतून झालेले, वय तिशीच्या आसपास. पुढे ते गावचे सरपंच झाले, वाचनालयाचे अध्यक्ष झाले आणि अध्यक्ष म्हणून शेवटपर्यंत राहिले. माझ्यावर लिहिण्याचे काम काही वर्षांनी बद्रीनाथ गुरुजींकडे आले. ते प्राथमिक शाळेत शिकवत. बारीक अंगाचे, मितभाषी. त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कायम पांढरी असे.

वर्तमानपत्र सकाळच्या गाडीने येई. गुरुजी ते ओट्यावर बसून वाचत आणि दहाच्या आत माझ्यावर मथळे लिहीत. माझे तीन भाग ठरलेले होते. डावीकडचा मोठा भाग देशाच्या आणि परदेशच्या बातम्यांचा. तिथे पेपरात छापून आले असेल तेवढेच लिहायचे. उजवीकडे वर गावची माहिती: धान्याचा मोंढा कधी बंद, लस कधी टोचणार, नळाला पाणी कधी. उजवीकडे खाली पिवळ्या खडूने 'दुःखद निधन'. आणि एक नेम होता. आजचे आज. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने सगळे पुसायचे, कोणाचे काही राखून ठेवायचे नाही.

या नेमाला वर्षातून दोनदाच सुटी मिळे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला माझ्यावर बातम्या नसत. वर मोठ्या अक्षरांत 'देशासाठी लढलेली आपली माणसे' असे लिहीत आणि खाली एकेका ओळीवर एकेक नाव, सालाप्रमाणे. ही यादी आठ दिवस राही. पहिली पाच नावे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातली. मग बासष्टचे एक, पासष्टची दोन, एकाहत्तरची तीन. एकूण अकरा. त्यांत कामी आलेले होते तसे सुखरूप परतलेलेही होते. ज्यांची नावे असत त्यांच्या घरचे लोक नवे कपडे घालून येत आणि आपल्या ओळीसमोर थोडा वेळ उभे राहत. मला त्या दिवशी झेंडूचा हार असे. ते माझे चांगले दिवस होते.

आता सत्त्याऐंशी सालाकडे येतो.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी बातमी आली की शेजारच्या श्रीलंकेशी आपल्या सरकारने करार केला आहे आणि तिथले भांडण मिटवायला आपली फौज जाणार आहे. तिचे नाव शांतिसेना. तात्यासाहेबांना ते नाव फार आवडले. त्यांनी गुरुजींना सांगून बातमी तीन रंगांच्या खडूंनी लिहवून घेतली. समोरच्या हॉटेलवाल्या कारभारीने त्या दिवशी ओट्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. गावात कोणालाही त्या कराराबद्दल शंका नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण जे कोणी बोलत ते माझ्यासमोरच बोलत.

स्टेशनपासून अर्ध्या कोसावर मेंढपाळांची वस्ती आहे. तिथली बानाबाई दर बाजाराला घोंगड्या विकायला येई. उंच, काटक बाई. लिहितावाचता येत नसे. तिचा एकुलता एक मुलगा कडूबा फौजेत शिपाई होता. सप्टेंबरात तो रजेवर आला होता. रजा संपायच्या आधीच त्याला परत बोलावल्याची तार आली. त्या सकाळी तो आईला घेऊन ओट्यावर आला. तात्यासाहेब खुर्चीत पेपर वाचत होते.

"तात्यासाहेब, माझ्या बापाला खोकल्यानं लई बेजार केलंय," कडूबा म्हणाला. "दवाखान्यात न्यायाचं हाये. घरात दुसरा बाप्या मानूस नाय, असं तुमी लिवून द्या. पंधरा दिवस रजा वाढंल."

"पलटण कुठं निघाली?"

"मद्रासला म्हणत्यात. तिथून जहाजानं."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. "अरे, मंग भितोस काय? शांतिसेना हाये ती. शांती करायला जाऊन कोणी मरतं व्हय? तुझ्या बापाचं मी बघतो. माझी जीप देतो दवाखान्याला. तू मागं राहिलास तर गावाची इज्जत जाईल. दिवाळीच्या फराळाला परत येशील बघ."

बानाबाई खाली पायरीवर कडूबाची पिशवी धरून उभी होती. "मालक, पंधराच दीस," ती म्हणाली. "कागदच तर लिवायचाय."

"काळजी नगं करू गं. मी हाये ना."

कारभारीने हॉटेलातून ओरडून सांगितले, "कडूबा, येताना सोन्याची लंका उचलून आण रं! निस्ती चहाची पुडी आणलीस तर पाणीबी पाजणार नाय."

सगळे हसले. कडूबाही हसला. तो दुपारच्या मीटरगेजने मनमाडकडे गेला. तात्यासाहेबांनी शब्द पाळला. दोनच दिवसांनी त्यांची जीप कडूबाच्या बापाला घेऊन औरंगाबादला गेली. तो माणूस पुढे तीन वर्षे जगला.

ऑक्टोबरात माझ्यावरचे शब्द बदलू लागले. आधी 'चकमक' आले, मग 'कारवाई', मग 'जाफन्यात घनघोर लढाई'. गुरुजींनी माझ्यावर खडूने श्रीलंकेचा नकाशा काढला. तो देश पाण्याच्या थेंबासारखा आहे. बाजाराच्या दिवशी बानाबाई समोर येऊन उभी राहिली.

"ह्यात माझा कडूबा कुठं हाये, गुरुजी?"

गुरुजींनी थेंबाच्या वरच्या टोकावर एक टिंब दिले.

"आन आपलं लासूर?"

त्या प्रमाणात लासूर माझ्यावर मावत नव्हते. गुरुजी नकाशाच्या वर गेले, माझी चौकट ओलांडली आणि भिंतीच्या चुन्यावर, हात पुरेल तितक्या उंच, बोटाने एक खूण केली. बानाबाईने त्या खुणेपासून टिंबापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजले आणि बाजारात गेली.

दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी तार आली. कडूबा लढाईत कामी आला होता. त्याचे प्रेत आले नाही. तिकडेच अग्नी दिला होता. काही आठवड्यांनी त्याच्या सामानाची काळी पेटी आणि अस्थी आल्या.

मित्रांनो, इथे एक चूक झाली आणि ती माझ्या अंगावर झाली. तार आली त्या सकाळी गुरुजी हातात खडू घेऊन बराच वेळ उभे होते. ही बातमी पेपरात छापून आलेली नव्हती, म्हणून नेमाप्रमाणे ती डावीकडे लिहिता येत नव्हती. शेवटी त्यांनी पिवळा खडू घेतला आणि उजवीकडे खाली, 'दुःखद निधन' या रकान्यात कडूबाचे नाव लिहिले. त्याच्या वर एका व्यापाऱ्याच्या शहाण्णव वर्षांच्या आईचे नाव होते. त्याच्याही वर 'मोंढा दोन दिवस बंद' असे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे ओले फडके फिरले. गुरुजींनी काहीच नेमाबाहेर केले नव्हते.

बानाबाई तिसऱ्या दिवशी आली. कोणीतरी तिला सांगितले होते की फळ्यावर नाव लावले आहे.

"माझ्या लेकाचं नाव दावा की, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा उतरला. "पुसलं, बानाबाई. दुसऱ्या दिशी पुसायचा नेमच हाये."

"पुसलं?"

तिने एवढेच विचारले. गुरुजी घाईने म्हणाले, "सव्वीस जानेवारीला येईल पुन्हा. लढलेल्यांच्या यादीत. अकरा नावं हायेत, हे बारावं. ही बघ, इथं येईल जागा." त्यांनी खडूचे टोक माझ्यावर टेकवले. ते बाराव्या ओळीचे ठिकाण होते. बानाबाईने तिथे आपले बोट ठेवले. मेंढ्यांच्या लोकरीची तेलकटी तिच्या बोटांना कायम असे. ते बोट माझ्यावर पहिल्यांदा टेकले ते तेव्हा.

पण जानेवारीपर्यंत हवा फिरली होती. रोज पेपरात मेलेल्यांचे आकडे येत. ही लढाई कोणासाठी, तिच्यात आपले काय काम, असे लोक उघड विचारू लागले. सर्वांत कडक प्रश्न तात्यासाहेबांचे होते. त्यांनी याच ओट्यावर सभा घेतली आणि 'सेना परत बोलवा' असा ठराव केला. सभेत त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं फुकट मेली!" ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

बायका मागे बसल्या होत्या. त्यांत बानाबाई होती. सभा उठल्यावर ती गुरुजींजवळ आली.

"गुरुजी, फुकट कसा वो? बावीस वर्सं वाढिवला व्हता त्याला."

गुरुजी ओट्यावरची सतरंजी गोळा करू लागले.

पंचवीस जानेवारीला दुपारी वाचनालयाची कमिटी बसली तेव्हा गुरुजींनी विषय काढला. "बारावं नाव कडूबाचं लिहायचं ना?"

"थांबा जरा," तात्यासाहेब म्हणाले. "लढाईच गलत हाये म्हणून आपण ठराव केला. आन तिच्यातलं नाव आपणच वर चढवायचं? लोक काय म्हणतील?"

कारभारी चहाचे पेले ठेवायला आत आला होता. तो कमिटीत नव्हता, पण त्याला गप्प बसवणे कोणाला जमत नसे. "एकाहत्तरालाबी आपली पोरं दुसऱ्याच्याच मुलखात गेली व्हती, तात्यासाहेब. त्यांची तीन नावं हायेत की."

"ते येगळं."

"काय येगळं? गोळी गोड व्हती का तवाची?"

"ती लढाई आपण जिंकलो, कारभारी," कोणीतरी म्हणाले.

"मंग पाटी बदला. 'देशासाठी जिंकलेली माणसं' असं लिवा. हरलेल्याला कशाला उगं वाट बघाय लावता?"

तात्यासाहेबांनी पेला खाली ठेवला. "पुढच्या साली बघू."

पुढच्या साली पुन्हा तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या सालीही तेच.

मी फळा आहे. लढाई योग्य की अयोग्य हे ठरवणे माझे काम नाही. दोन्ही बाजूंचे मथळे माझ्यावर सारख्याच खडूने लिहिले गेले. पण रोज ऐकून ऐकून माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. गावाने दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते. ती लढाई बरोबर होती का, हा एक. कडूबा तिच्यात होता का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर शहाणी माणसे वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. दुसऱ्याचे उत्तर बानाबाईच्या घरात, काळ्या पेटीत होते.

नव्वदच्या मार्चमध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी परत आली. गुरुजींनी ती बातमी दोन ओळींत लिहिली. खाली क्रिकेटच्या पाच ओळी होत्या. ओट्यावर जमलेले लोक त्या पाच ओळींबद्दल बोलत होते.

बानाबाई मात्र दर बाजाराला येत राहिली. घोंगड्यांचे गाठोडे पायरीवर ठेवायची, माझ्यापुढे यायची, बाराव्या ओळीच्या जागी बोट टेकवायची आणि निघायची. ऑगस्टात आणि जानेवारीत आधी ती नावे मोजायची. वाचता येत नसल्याने ती ओळी मोजत असे, वरून खाली, प्रत्येक ओळीला बोट लावत. अकरा भरल्या की खाली मोकळी जागा लागे. तिथे बोट थांबे. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर बारा वर्षांत हे सहाशेहून अधिक वेळा झाले. एवढ्याने लाकूड झिजत नाही, पण रंगावरचे कण गुळगुळीत होतात आणि खाचा तेलाने भरतात. डाग असा पडला.

त्या वर्षांत माझी उतरण सुरू झाली होती. घरोघर टीव्ही आले. सकाळी दहाची बातमी लोकांनी रात्रीच पाहिलेली असे. माझ्या चौकटीवर कोणी सायकल टेकवी, कोणी चुन्याचे बोट पुशी. एकदा कमिटीत निघाले की मला तकतकीत ऑइलपेंट द्यावा, म्हणजे ओटा शोभेल. गुरुजींनी नको म्हटले. खडू धरणार नाही, हे कारण त्यांनी सांगितले. दुसरे कारण त्यांनी सांगितले नाही, पण ते बोलताना डागाकडे पाहत होते.

नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई झाली. ती लोकांनी टीव्हीवर पाहिली आणि सगळा गाव एका मताचा झाला. गावातला अंकुश नावाचा जवान तिकडे होता. तो सुखरूप असल्याचे पत्र आले तेव्हा पंधरा ऑगस्टला दुपारी त्याच्या आईवडिलांची जीपमधून मिरवणूक काढायचे ठरले. यादीत त्याचे नाव घालायला कमिटीला दोन मिनिटेही लागली नाहीत. गुरुजींनी सकाळी सातला नाव लिहिले. बाराव्या ओळीवर. पहिले अक्षर डागावर आले, खडू घसरला. त्यांना दोनदा गिरवावे लागले. मग ते शाळेत झेंडावंदनाला गेले.

साडेसातला बानाबाई आली.

ती नेहमीसारखी मोजू लागली. "...नऊ, धा, अकरा." बोट खाली सरकले. तिथे मोकळी जागा नव्हती. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. बारा भरले. तिने माझ्या चौकटीला कपाळ टेकले. तिचा श्वास मला लागत होता. मला बोलता येत असते तर त्या क्षणी मी बोललो असतो. समोर कारभारी किटली हातात घेऊन उभा होता. त्याला सगळे कळले होते. तो पाठ फिरवून पेले विसळू लागला. बानाबाई लगबगीने बाजाराकडे गेली.

ती परतली तेव्हा तिच्या पदरात कागदात बांधलेला गूळ होता. गुरुजी शाळेतून आले होते. तात्यासाहेब आत खुर्चीत बसले होते, दार उघडे होते.

"घ्या, कारभारीदादा, तोंड गोड करा," तिने त्याच्या हातावर खडा ठेवला. "आलं बघा माझ्या लेकराचं नाव."

कारभारीने मूठ मिटली. खडा तोंडात टाकला नाही. तो गुरुजींकडे पाहू लागला.

गुरुजी पुढे झाले. "बानाबाई," ते म्हणाले, "ते कडूबाचं नाय. ते अंकुशचं हाये. कारगिलवाल्याचं."

तिने माझ्याकडे वळून पाहिले.

"जित्ता हाये नव्हं त्यो?"

"हाये."

"चांगलं झालं. त्याच्या मायला द्या मंग ह्यो गूळ." तिने पुडी ओट्यावर ठेवली. गाठोडे उचलता उचलता ती थांबली. "एकच सांगा, गुरुजी. त्यो लढाईला गेलता. मंग माझा कुठं गेलता? जत्रंला?"

दाराच्या आत खुर्ची वाजली. पण बाहेर कोणी आले नाही. त्या दिवसापासून तात्यासाहेबांनी वाचनालयात येणे बंद केले. बानाबाई बाजाराला येई, पण माझ्यापुढे थांबत नसे.

मित्रांनो, शेवटचे सांगण्याआधी माझे एक मागणे आहे. मी आता जुना झालो. फळ्या सुटू लागल्या आहेत. मला डागडुजी लागते, ती करणारे करतील. पण तुमच्यापैकी कोणाच्या हातात कधी फडके आले, फळ्याचे किंवा दुसरे कसले, तर पुसण्याआधी एकदा सगळे वाचा. मोठी अक्षरे सगळेच वाचतात. उजवीकडे खाली, पिवळ्या खडूने लिहिलेलेही वाचा. आणि ते पाहायला कोणी चालत येत असेल तर तेवढे थांबा. आणि मला चकचकीत करू नका. हबीब मिस्त्रींनी सांगितलेले कारण अजून खरे आहे.

सन दोन हजारची सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झाले होते. गुरुजींनी बारा नावे लिहून ठेवली होती. ओट्याखाली पन्नासएक माणसे होती. अंकुशचे आईवडील पुढे उभे होते. बानाबाई लांब, कारभारीच्या हॉटेलच्या पायरीवर होती. तिने ओळी मोजल्या नव्हत्या.

तात्यासाहेब काठी टेकत आले. ऐंशी वर्षांचे झाले होते, पाय सुजले होते. ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. वर येऊन ते माझ्यासमोर थांबले. सगळी यादी त्यांनी वाचली. मग डागावर बोट ठेवले.

"गुरुजी, अंकुशचं नाव पुसा."

लोकांत गलका झाला. अंकुशचे वडील गोंधळून म्हणाले, "तात्यासाहेब, आमचं काय चुकलं?"

"तुमचं कायबी चुकलं नाय. दम धरा."

गुरुजींनी फडके भिजवले आणि बारावी ओळ पुसली. ओल्या जागी मी गडद काळा झालो. तात्यासाहेब लोकांकडे वळले.

"बानाबाई, हिकडं या. फुडं या."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'या' म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. ती आली आणि पायरीवर, जिथे सत्त्याऐंशी साली पिशवी धरून उभी होती तिथे, उभी राहिली.

"ह्याच ओट्यावर कडूबानं माझ्यापाशी एक कागद मागितला व्हता," तात्यासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज सभेतला नव्हता, मागच्यांना ऐकायला पुढे सरकावे लागले. "मी दिला नाय. जा म्हणलो. मंग ती लढाई गलत म्हणून भाषणं केली. ती गलतच व्हती, आजबी मपलं म्हणणं तेच हाये. पर त्याचं नाव वर लागलं असतं तर कोणीतरी इचारलं असतं, त्याला जा म्हणलं कोण? म्हणून दर साली पुढं ढकललं. फुकट मेली, असंबी मीच म्हणलो व्हतो. ते मी..."

"मालक," बानाबाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. नाव तेवढं सांगा."

गुरुजींनी नवा पांढरा खडू मोडून त्याचे टोक माझ्यावर टेकवले. कारभारीने किटली खाली ठेवली. तात्यासाहेबांनी एकदा घसा साफ केला.

"सालाप्रमाणं लिवा, गुरुजी. एकाहत्तरच्या खाली सत्त्याऐंशी. बाराव्या ओळीवर कडूबा. अंकुश तेराव्या."